ताबा-पावती

साइट क्रमांक एकशे सत्तेचाळीस. लोकमान्य नगर, इंदूर.
शरयू बक्षींची गच्ची.
जिन्याला तेहतीस पायऱ्या, शेवटची बोटभर उंच,
नव्या माणसाला ठेच लागते.
हे लिहायला फॉर्मात रकाना नाही,
म्हणून तोंडी सांगतो.

त्यांच्याकडून आलेला मुलगा टॅबवर खुणा करतोय:
मनोरा एक. बॅटऱ्या चोवीस. जनरेटर.
डिझेल अर्धी टाकी.
अँटेना सहा, बरोबर?
सहा. उत्तरेकडचा कलता दिसतो तो दोष नाही.
शकील मन्सुरीने मेच्या उन्हात
हाताला फडकी गुंडाळून तो तसा बांधला,
कारण मागच्या गल्लीतली एक बाई
ओट्याशी उभी राहून बोलली की
तिचा आवाज तुटायचा
आणि ती रोज आम्हालाच फोन लावून
हे सांगायची,
तुटत तुटत.

लिही.
की नकोच लिहू, तिला घसारा कसा लावशील?

आणि ही सगळी हवा.
लिलावात घेतली होती आम्ही, वीस वर्षांच्या बोलीने,
अकरा उरलीत, ती आता तुमची.
चांगल्या जातीची आहे, खालच्या पट्टीतली,
भिंतीतून जाते, तळघरातल्या गोदामात जाते,
सियागंजच्या दुकानात मिरच्यांच्या पोत्यांमागे
भाव विचारणाऱ्या माणसापर्यंत जाते.
तुमची वरच्या पट्टीतली. वेगवान,
पण दारातच चपला काढून उभी राहणारी.

ग्राहक बावीस लाख, असं कागदावर आहे.
त्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये
दुसरं सिम तुमचंच होतं, बरं का.
आमचा दर वाढला की तुमच्यावरून बोलायचे,
तुमचा वाढला की आमच्यावरून.
दोन खिशांत दोन मालक ठेवून
लोक इतकी वर्षं आपल्याला खेळवत होते.
आता दोन्ही खिसे एकाच शिंप्याचे.

अनंत चतुर्दशीला, झांक्यांच्या गर्दीत,
आम्ही दहा रुपये कमी केल्याचा फलक लावला होता.
पहाट व्हायच्या आत
समोर तुमचा लागला: अकरा.
शिव्या घातल्या मी, आणि शकीलने चहा मागवला,
आणि रात्रभर जागलेले आम्ही
त्या एका रुपयावर पोट धरून हसलो.
तो रुपया तुमच्या यादीत कुठे आहे?
मला वाटतं, सगळा सौदा त्याच्यासाठीच झाला.
मनोरे, बॅटऱ्या, हवा हे वरकड.
उद्या सकाळी शटर वर करताना
रस्त्यापलीकडे बघायचं नाही,
एवढंच तर घ्यायचं होतं.

बक्षीबाई वर आल्यात, हातात वाळवणाचं ताट.
नऊ वर्षं यांनी तक्रार केली
की मनोऱ्यामुळे कपाळ ठणकतं.
मुलगा सांगतो, मावशी, हा निघेल,
आमचा पाण्याच्या टाकीवर आहेच, दोनशे पावलांवर,
दोन कशाला?
"काढून नेऊन राहिले का?" त्या विचारतात.
आणि भाडं?
ताट कठड्यावर ठेवून मग हळूच मला,
"अहो, आताशा डोकं तसं दुखत नाही हो."

शकील आज आला नाही.
त्याचं नाव दुसऱ्या यादीत आहे,
जी टॅबवर नाही, पाकिटात आहे.
माझं कोणत्या यादीत, ते सोमवारी.

सही झाली. किल्ल्या दिल्या,
जनरेटरची जरा वर उचलून फिरवायची, तेही सांगितलं.
खाली उतरताना, अर्ध्या जिन्यात,
मुलगा थांबला. फोन कानाला, मग डोळ्यांसमोर,
मग खिडकीच्या गजांबाहेर हात काढून.
साहेबांना कळवायचं होतं,
ताबा मिळाला म्हणून.
लागेना.

हा घे माझा, म्हटलं,
रात्री बारापर्यंत आमचंच आहे.