नववा

लाखांदूरच्या बाजार चौकात, खताच्या दुकानाला लागून
वासुदेव हटवारचं टीव्ही दुरुस्तीचं खोपट.
रुपयाला दहा मिनिटं.
घड्याळ बंद होतं, म्हणून अगरबत्ती लावायचा,
तिच्यावर पिनेनं केलेली खूण.
खुणेपर्यंत राख आली की उठायचं.

मशीन राखाडी. उघडलं तर आत बघण्यासारखं काही नाही,
हिरव्या पाटीवर वाळलेल्या डांबराचा एक थेंब.
"हे त्याचं डोकं," हटवार म्हणायचा,
"यात दोन केबी राह्यते.
तुह्या भूगोलाच्या वहीचं एक पान. बस."

नागपूरच्या मावसभावाकडे तेव्हा चकतीचं मशीन आलं होतं.
त्यातल्या गाड्यांच्या टपावर ऊन चमकते, सांगायचा.
आमचं ऊन बाहेर होतं,
पत्र्यावर.

मग भंडाऱ्याच्या भंगारातून एक पिवळी कॅसेट आली,
असली मशीनं कुणी विकत घेईना
त्या काळात कुणीतरी बनवलेली.
तिच्यात बर्फ पडायचा.
लांबचे डोंगर हळू सरकायचे, जवळची झाडं भरभर,
पवनीच्या एसटीतून दिसतात तशी.
"या मशीनले हे येत नाही," हटवार म्हणाला
आणि स्टूल ओढून बसला.
पाटलांचा टीव्ही तीन दिवस पालथाच राहिला.

एका ओळीत आठ, हा मशीनचा कायदा.
नववा आला की दिसत नाही.
पण या कॅसेटीत बारा-बारा चोर एका ओळीत धावत
आणि बाराही दिसत,
फक्त थरथरत,
वाऱ्यात धरलेल्या चिमणीसारखे.
"पंगत हाय," हटवार म्हणाला.
"पाट आठच. दर घासाले कोनी उठते, कोनी बसते.
उपाशी कोनी नाही.
पोटभर बी कोनी नाही."

शेवटच्या मजल्यावर लोखंडी राक्षस, पडद्याएवढा.
तो आला की डोंगर, बर्फ, सगळं काळं व्हायचं.
मला वाटायचं, भीती वाटावी म्हणून.
हटवारनं चार रात्री बघून शोधलं:
तो राक्षस नव्हताच.
एवढा मोठा गडी आत मावत नाही,
तर त्यांनी भिंतीवरच राक्षस रंगवला
आणि भिंत हलवली.
मग मागे ठेवायला दुसरी भिंत कुठली?
मंडईच्या नाटकात आपला पडदा एकच असतो,
राजवाडाही तोच आणि स्मशानही,
तेव्हा मी कधी विचारलं नव्हतं
उरलेलं गाव कुठे गेलं.

संध्याकाळी राइस मिल सुरू झाली
की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं,
अडॅप्टर तव्यासारखा.
अनसूयाकाकू सुपानं त्याला वारा घालायच्या,
तोंडानं हटवारला शिव्या, हातानं वारा.

मी राक्षसाला पाडलं तेव्हा सातवीत होते.
नवी अगरबत्ती नुकतीच अर्धी झाली होती.
भिंत तुकड्या-तुकड्यांनी पडली, अंधार राहिला,
आणि अंधारातून खालून वर नावं यायला लागली.
"वाच ना वं," हटवार म्हणाला. दुकानात वाचणारी मीच.
पण अक्षरं आपली नव्हती, इंग्रजीही नव्हती,
काड्यांची घरटी होती नुसती.
त्यानं चष्मा शर्टाला पुसला. बोट लावून मोजली.
"अकरा मानसं," म्हणाला.
मग बऱ्याच वेळानं, "दोन केबीत."

लाइट जायच्या आत त्यानं एक नाव उतरवून घेतलं
पाटलांच्या बिलाच्या पाठीवर, चित्र काढावं तसं,
सुलट की उलट कोण सांगणार.
लक्ष्मीच्या फोटोशेजारी चिकटवलं.
माझी उरलेली अर्धी अगरबत्ती त्याच्यापुढे खोचली.

ती पाच मिनिटं माझी होती.
पैसे भरलेली.
मी काही बोलले नाही.