दोरी

खडकवासल्यातून पाणी सोडणार, असा मेसेज येतो
तेव्हा आकडा क्युसेकमध्ये असतो.
क्युसेक म्हणजे किती, आमच्या गल्लीत कुणी विचारत नाही.
भिडे पूल बुडाला का, एवढंच विचारतात.
बुडाला म्हटलं की गॅसची टाकी कॉटवर चढते,
कॉट विटांवर चढते,
आणि पातेल्यात उरलेला चहा
सगळे उभ्या-उभ्या पिऊन टाकतात.

माझ्याकडे वही आहे, कव्हर गेलेली.
तापाच्या साथीत घरोघर पिंपात बॅटरी मारत फिरले, तेव्हाची.
कुणाच्या पिंपात अळ्या, कुणाचा ताप कितवा दिवस,
कोण पाणी उकळतं,
कोण उकळतो म्हणून नुसतं सांगतं.
ते सगळं पेनाने, कारण ते वर दाखवायचं असतं.
समासात मात्र पेन्सिलीने, माझ्यापुरतं:
पार्वताबाई – इन्सुलिन, माठाशेजारच्या डब्यात.
एकतीस नंबर – नववा महिना.
कासारांचा धाकटा – पाण्याला भितो, आधी उचलायचा.
मागच्या खोलीतले दोघे – रात्रपाळी, दिवसा हाका मारून उठत नाहीत.
यल्लप्पा इस्त्रीवाला – ऐकू येत नाही.

इथे मी दोन पावसाळे अडले होते.
भोंगा त्याच्यासाठी नाही,
रिक्षावरचा कर्णा त्याच्यासाठी नाही,
आणि झोपतो आतून कडी लावून,
कारण घरात लोकांचे कपडे.
माझे असते तर उघडं टाकलं असतं,
हातवाऱ्यांनी म्हणाला.

दोरीची कल्पना बतूलची. सातवीतली पोर.
मांजा नको म्हणाली, कापतो. परकराची नाडी घ्या.
एक टोक यल्लप्पाच्या पायाच्या अंगठ्याला,
तिथून खिडकीच्या गजातून, बोळ ओलांडून,
दुसरं टोक बतूलच्या मनगटाला.
गल्ली हसली. मीही थोडी हसले.
यल्लप्पा हसला नाही.
त्याने नाडी पाण्याचा हबका मारून
टोकापासून टोकापर्यंत इस्त्री केली.

त्या रात्री मेसेज सातला आला तो लहान आकड्याचा.
मोठा आकडा आला असेल तेव्हा
लाइट नव्हती, टॉवर नव्हता,
फोन सगळे उशाशी मेलेले.
मी उठले ती कुत्र्यांमुळे.
वही पिशवीत, पिशवी पदरात,
पार्वताबाईंचा डबा, मग एकतीस नंबर,
मग कासारांचा धाकटा, डोळ्यांवर माझा हात ठेवून.
शेवटची दोन दारं राहिली, तोवर पाणी गुडघ्याला,
आणि दोन्ही दारं उघडी.

शाळेच्या जिन्यावर सापडले सगळे.
बतूल, तिची आई, आजोबा, कोंबडी,
वरच्या पायरीवर यल्लप्पा, डोक्यावर गाठोडं,
अंगठ्याला अजून ओली नाडी.
शाबास गं, म्हटलं मी पोरीला, वेळेवर ओढलीस.
ती गप्प. मग म्हणाली,
मी नाही ओढली, मला ओढली.

खाटा आमच्याकडे आहेत.
यल्लप्पा जमिनीवर झोपतो.
पाणी आधी त्याच्या पाठीला लागलं.

नंतरचं नेहमीचंच:
चिखल, क्लोरीनच्या गोळ्या,
पायाला जखम असेल तर दाखवा हो, लपवू नका,
नळाला पाणी आलं तरी उकळूनच प्या,
असं मी बसलेल्या आवाजात ओरडत फिरते,
आणि कुणीतरी नक्की म्हणतं, एवढं काही होत नाही.

वही भिजली होती. यल्लप्पाने मागून घेतली,
कोळसे कमी करून, फडकं घालून
एकेक पान इस्त्री करत बसला.
पेनाची शाई निळी होऊन सगळीकडे गेली;
ताप, अळ्या, तारखा, काही लागेना.
समास तसाच होता.
एका पानावर त्याची इस्त्री हवेत थांबली.
वाचता येतं त्याला.
कानावरची पेन्सिल काढून
स्वतःच्या नावाखाली त्याने हळूहळू लिहिलं:
बतूल – झोप गाढ. दोनदा ओढावी.