धुम्याची कणीक

बर्फाच्या कारखान्यातून मी सहाला सुटते,
बुधवार असला तर साडेपाचलाच.
मॅनेजर विचारत नाही. त्यालाही ठाऊक आहे,
मांडवीला होड्या लागल्यात
आणि बांगडा माझ्यासाठी थांबणार नाही.

आठला येतात.
बस्त्याव फर्नांडिस, छत्री व्हायोलिनवर धरून, स्वतः भिजत.
याकूब मुजावर, बँडमधला क्लॅरिनेट;
लग्नसराईत ओठ सुजलेले असतात त्याचे,
त्या दिवसांत मिरच्या मोजून घालते.
उर्मिला खोबरेकर गाते. सरकारी दवाखान्यात नर्स.
रात्रपाळी असली की जेवणाआधीच गाते,
घड्याळाकडे बघत समेवर येते.
तंबोरा तिच्या मोबाईलमध्ये;
तो मी रिकाम्या पिठाच्या डब्यात उभा करते,
डबा घुमतो.
आणि गुरुनाथ मेस्त्री, सुतार. पखवाज.

श्रावणात गुरुनाथ मासे खात नाही.
रोज्यांत याकूबसोबत आम्ही सगळेच
खिडकीतून सूर्याला लवकर बुड म्हणतो.
बस्त्याव चाळीस दिवस मटण सोडतो, बांगडा नाही;
‘दर्यो उपासात धरणत नाय,’ म्हणतो, आणि डोकं चोखतो.
होड्या बंद असल्या की कुळथाची पिठी, सुक्या बांगड्याची किसमूर,
तेव्हा का कोण जाणे, जास्त उशिरापर्यंत बसतात.

मी गात नाही.
तिसरीत प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणाल्या होत्या,
तू नुसते ओठ हलव.
अजून हलवते.

आमच्याकडे पोळ्या होत नाहीत, उकडा भात, फार तर आंबोळ्या.
तरी दर बुधवारी मूठभर कणीक मळते,
पखवाजाच्या धुम्यासाठी.
माझ्या तिरफळाला, सोलकढीला
गुरुनाथनं इतक्या वर्षांत कधी बरं म्हटलेलं नाही.
म्हणायचा फक्त, कणीक चिमटीत दाबून,
‘आज बरी जमली हा.’
मला पुरायचं.

गणपतीच्या तोंडावर करवतीनं
त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं धरली.
भजनांचा हंगाम गेला. पाट करायला घेतले होते, तेही दुसऱ्यानं केले.
सहा बुधवार तो आला, डाव्या हातानं चमच्यानं जेवला,
मी काटे काढून द्यायची, तो नको म्हणायचा, खायचा.
पखवाज खोळीतच.
उर्मिला ठेक्याशिवाय गायली.
कोणी काही बोललं नाही, पण सगळे लवकर उठले,
आणि उरलेली आमटी मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेली.

सातव्या बुधवारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.
‘कणीक खय?’
मी म्हटलं, मळली नाही. वाजवणार कोण?
‘ता मगे बघूया.’

मळली. तो खोळ काढत होता एका हातानं,
मी मध्ये पडले नाही.
‘लाव तू.’
धुम्यावर पाण्याचं बोट फिरवलं, कणीक थापली.
तो डाव्या तळव्यानं मारायचा, मान हलवायचा.
‘जाड झाली. काढ वायच.’
काढली.
‘कडेन नको, मधी.’
काढली. लावली. हाताला माशाचा वास होता,
तो कणकेलाही लागला असणार.

मग म्हणाला, ‘आता शाईर मार. चारी बोटां.’
मी?
‘घाबरतंस कित्याक? शेजाऱ्यांका सवय असा.’

मी मारलं, त्यानं मारलं.
दोन वेगळे आवाज, मागेपुढे,
रस्त्यात धक्का लागलेल्या दोन माणसांसारखे.
याकूब हसला. परत.
परत.
बाईंनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, नुसता हात हलव.
कितव्या वेळी ते ठाऊक नाही,
माझा ता आणि त्याचा गे
एकदमच पडले,
आणि खोलीत धा झाला.

बस्त्यावनं गज उचलला होता, तो तसाच राहिला.

पुन्हा नाही जमला तो, त्या रात्री तरी.
काळ्या वाटाण्याची आमटी मात्र तळाशी लागली होती.
उर्मिलानं करपलेलं खरवडून खाल्लं,
आणि गुरुनाथ म्हणाला,
आमटीबद्दल नव्हे,
‘पुढल्या बुधवारी पीठ वायच घट मळ.’