दहा बोटं

कार्ड रद्द करायला गेलो तेव्हा
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, जन्मतारीख?
एक जानेवारी, मी म्हटलं.
म्हणजे कार्डावर तशी.
खरी कुणालाच ठाऊक नाही.
खवण्यात भात झोडत होते,
आणि सुईण वेळेवर पोचली नाही, एवढंच.

दर दोन वर्षांनी इथे आणायचो शेवंती आजीला,
नऊवारीवर माझं जुनं जॅकेट घालून,
कारण एसी तिच्या हाडांत शिरायचा.
काचेवर अंगठा ठेवायची. यंत्र टूं करायचं.
दुसरं बोट. टूं.
पोलीस बाई ओला कागद आणायची, क्रीम आणायची,
तिचं बोट स्वतःच्या हातानं दाबून धरायची.
दहाच्या दहा बोटं, एकावर रेघ नाही.
"झिजली गो बाय," आजी तिला सांगायची,
"भाकऱ्येत गेली, खवल्यांत गेली,
आता खंयसून आणू?"
बाई अरबीत हसायची. मग सही.
जिभेचं टोक दातांत धरून
शे, वं, ता,
माझ्याच पाटीवर माझ्याबरोबर शिकलेली तीन अक्षरं.

बहात्तर साली मत्र्याला उतरली
तेव्हा आजोबा बंदरात क्रेनवर,
खोली एक, खिडकी अर्धी,
आणि आठवड्याभरात दारात बारा डबे.
वेंगुर्ल्याचे, देवगडचे, एक तर सांगलीचा,
ज्याला मासे चालत नसत
आणि तीन महिन्यांनी काटेसुद्धा चघळायला लागला.
कुणाचा पगार अडकला, कुणाची बायको बाळंत,
डब्याच्या झाकणावर खडूनं रेघा,
आणि कुणाच्या रेघा कधी पुसायच्या
ते तिचं तिला माहीत.

शेजारी उम्म नासर.
सोलं तिकडे जायची, वाळकी काळी लिंबं इकडे यायची.
एकीला दुसरीची भाषा येत नव्हती
म्हणून भांडण थांबलं असं कधी झालं नाही.
बकरीनं परकर खाल्ला, त्यावर दोघी
अख्खी दुपार बोलल्या.
आजोबा गेले तेव्हा उम्म नासरनं बोटं मोडून सांगितलं,
चार महिने दहा दिवस घरात बस.
गावाहून पत्र आलं, तेरा दिवस.
आजी पाचव्या दिवशी उठली.
पोरांचे डबे होते.

मासळी बाजारात तिला फक्त आकडे यायचे, तेही अर्धे.
"नुस रियाल" म्हणायची आणि चालू लागायची.
मागून हाक यायचीच.
परवा गेलो तर सालिमनं न विचारता
गोबऱ्याचं डोकं पिशवीत घातलं,
म्हणाला, अम्माला. मी पैसे दिले.
काही बोललो नाही.

काका फोनवर विचारतात, अस्थी गावाला कधी आणतोस?
तिला कुणी विचारलं की ती कॉर्निशवर बसून म्हणायची,
"दर्यो तोच. मी पलीकडसून बघतंय."
हे उत्तर आहे की नुसतंच बोलणं,
ते ठरत नाहीये.
कलश अजून देवघराच्या खाली आहे,
पिठाच्या डब्याशेजारी.

मुलीनं कार्डाचा कोपरा कात्रीनं कापला,
म्हणाली, अल्ला तिच्यावर दया करो.
कार्ड परत दिलं. ते का द्यावं?

रात्री बर्फाच्या खणात हात घातला तर मागच्या कोपऱ्यात
तिच्या वाटपाचा एक गोळा.
ओल्या खोबऱ्याचा, मुठीत आवळून ठेवलेला,
त्यावर चार बोटांचे खळगे, अंगठ्याचा एक.
यंत्राला पन्नास वर्षांत मिळालं नाही ते.
मी माझी बोटं त्यात बसवून पाहिली.
मोठी पडतात.

बायको म्हणाली, डोकं आणलंयस ना, मग काढ तो बाहेर,
फार दिवस ठेवला तर वास लागेल.
मी खण लावला. मग उघडला.
गोळा ओट्यावर ठेवलाय.
कडेनं पाणी सुटायला लागलंय.