खारपाण

आमच्या पट्ट्यातलं पानी मचूळ.
सात वर्सांनी बोअरचा पाइप उपसून काढा,
आतून पांढरा, चुन्यानं लिंपल्यासारखा,
बोट जाणार नाही एवढा बारीक झालेला.
अशा पाइपाले पाना कुठी लावायचा
हे मले गुणवंत तायड्यानं शिकवलं.
"करकचून धरला का खार सुटते," तो म्हणे,
"अन् सुटलेला खार जागेवर राहत नाही.
पार शेवटच्या नळाच्या तोंडात जाऊन बसते.
मंग बसा ठोकत."

गुणवंताच्या बायपासले सहा वर्सं झाली.
छाती ठणठणीत. धाब्यावर चढते, दम लागत नाही.
पण शुद्धीवर आला तो
शब्द तिकडंच ठेवून.
तहान लागली का म्हणते, "पाना."
घरातले तांब्या आणतात. तो पिते.
पाना पाहिजे असला का काहीच म्हणत नाही,
भिंतीकडं तोंड करून बसते.

मंग माह्या पाळी आली.
नागपूरच्या खेर्डे बाईंनी फोटो उजेडात धरला.
हृदयातून निघते ते मोठी नळी,
तिच्या आंगावर पांढरे ठिपके.
"हे कॅल्शियम," बाई म्हणाल्या.
"आमच्याकडं याले खार म्हणतात."
बाई हसल्या नाहीत. पेन खाली ठेवला.
"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे.
पुष्कळदा या नळीला आम्ही चिमटा लावतो,
भोक पाडून पायातली शीर तिला जोडतो.
चिमटा आवळला की..."
"खार सुटते," मी म्हटलं,
"अन् शेवटच्या नळाच्या तोंडात जाऊन बसते."
"शेवटचा नळ," म्हणाल्या,
अन् आपल्याच कपाळाले बोट टेकवलं.

पंखा फिरत होता.
वच्छला माह्याकडं पाहे. मी गुणवंताकडं,
जो तिथं नव्हताच.
"त्याच्या डॉक्टरचं चुकलं का मंग?"
"सांगता येत नाही. नळी आतून कशी आहे,
बाहेरून दरवेळी कळत नाही.
तुमची आधीच दिसली."

त्या म्हणाल्या, तिला मी हातच लावणार नाही.
हृदय बंद करणार नाही, चालत्यावरच टाके घालीन.
छातीच्या भिंतीमागच्या दोन धमन्या वळवीन,
एक हाताची घेईन.
चालत्या मोटारीवर काम!
आमच्या धंद्यात असं करणाऱ्याले शिव्या बसतात.
"हात कोणता?"
"डावा."
"चालते. पाना उजव्यानं फिरवतो."
वच्छला म्हणे, "मंग धोका नाही ना बाई?"
"कमी होतो. शून्य होत नाही."

तिथंच सही केली.
हमखास म्हणणारे पानाडे
म्या जन्मभर पाह्यले.

जाग आली तवा घशातली नळी काढलेली.
डोळे न उघडता पेटी मोजली:
पाना. पक्कड. वायसर.
चावी दहा-अकरा, बारा-तेरा.
आटे पाडायची डाय. सुतळी. सफेदा.
सिस्टर घाबरली. "मॅडम, पेशंट बडबडतोय."
बाई वाकून ऐकत राह्यल्या.
"बडबड नाही ही," म्हणाल्या.
"पेटी लावताहेत ते."

तिसऱ्या रात्री ठोके अडखळले.
तेही त्यांनी आधीच सांगतलं होतं.
रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू हायत.
पेटी अजून रोज मोजतो, चहाच्या आधी,
वच्छला झोपली हाय असं समजून.

महिन्यानं गुणवंताकडं गेलो.
त्यानं माह्या डाव्या हातावरची चीर पाह्यली,
तिच्यावरून बोट फिरवलं,
नव्या पाइपाचे आटे पाहावे तसं.
म्हणाला, "पाना."
त्याच्या बायकोनं सवयीनं तांब्या आणला.
त्यानं मान हलवली. नाही.
"पाना."
अन् माह्या उजव्या हाताकडं बोट.

थांबलो जराक.
"फिरते," मी म्हटलं. "हळूहळू."
तो हसला, अर्ध्या तोंडानं.

तांब्या मंग मीच प्यालो.
मचूळ होता.