थकबाकी

मंडळाच्या वहीत एकतीस नावं आहेत.
तेवीस पुण्याकडची, पाच नाशिकची,
उरलेली तीन आमची, कोल्हापूरची.
वही माझ्याकडे असते,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि दुसरं कुणी ती घेत नाही.

क्रमांक सतरा, गजबर मुल्लाणी.
तीन वर्षं वर्गणी नाही.
अशा नावावर लाल रेघ मारायची, असा ठराव आहे.
रेघेआधी मी मोटारसायकल काढली.

उद्यमनगरातून गेलो.
तिथं लेथवर पायगोंडा मगदूम
पंपाच्या शाफ्टांमधून वेळ काढून
आमच्या क्लबांच्या दांड्या जोडून देतो,
आणि बारा वर्षं तेच विचारतो,
"कुठल्या मशीनचा पार्ट म्हणायचा ह्यो?"
म्हणाला, गजबरचा सात नंबर पडलाय पाडव्यापासनं.
घेऊन जावा. पैसं नगोत.

टेकडीवरचं मैदान. होल नऊच,
दहावं खेळायचं तर पुन्हा पहिल्यापासून.
टँकर पोचतो तेवढंच हिरवं.
गजबर खुर्चीवर, कमरेला पट्टा,
हातात खराट्याची काठी.
समोर फौंड्रीवाल्याचं पोरगं चेंडूला झोडपत होतं.
"आरं मारू नगोस त्येला. जाऊ दे नुसता."
काठी पोराच्या उजव्या खांद्याला टेकली,
वस्ताद मानेला बोट लावतो तशी.
चेंडू गेला.
तो पडेपर्यंत आम्ही तिघंही बोललो नाही.

मग मी वही काढली.
"किती झालं?"
साडेचार हजार.
"आणि तुमचं?"
माझं कसलं?
"मणका सरकला तवा फोन केलासा?
आपरेशनच्या आदल्या दिशी?
रेहानानं शिकवायच्या परीक्षेचा फॉर्म धाडला,
त्येचं उत्तर?
मांडा की ते बी. ह्याच वहीत. उजव्या अंगाला."

मी पान उलटलं.
उजवी बाजू कोरी होती.
एकतीस नावांपुढे, एकतीस वेळा.

चहा आला. मी मदतनिधीचं काढलं.
अर्ज, दोन सह्या, दवाखान्याचं बिल,
पाच हजारांपर्यंत मिळतात.
तो हसला नाही. चिडलाही नाही.
"पैसं नगं. म्हंजे द्या, घेतो, का न्हाई घेणार.
पर आधी एक पत्र धाडा, शिक्का मारून.
वर लिवा, व्यावसायिक गोल्फपटू.
क्लबचा नवा मॅनेजर अजून मला
बॅग उचलाय हाक मारतोय."

सात नंबर त्याच्या खुर्चीला टेकवून मी निघालो.
पत्र त्याच रात्री लिहिलं. तीनदा फाडलं.
'आदरणीय' लिहावं की 'प्रिय',
यातच अकरा वाजले.

पुढची सभा मी इथं लावली.
पुणेकर टोलवरून कुरकुरले, तारखेवरून कुरकुरले,
शेवटी नऊजण आले,
त्यातले दोन नक्की तांबड्या रश्श्यासाठी.
कॅडींच्या शेडमध्ये सतरंजी,
गजबरला तेवढी खुर्ची.
पत्र त्यानं लॅमिनेट करून आणलं होतं.
कुणाला दाखवलं नाही, मांडीवर पालथं ठेवलं.
इतिवृत्त रेहानानं लिहिलं,
तिचं अक्षर माझ्याहून बरं आहे.
दारात पायगोंडा, हाताला ऑइल,
"मी सभासद न्हाई, पर ऐकलं तर चालतंय न्हवं?"
चालतंय, म्हणालो.

ठराव दोन: सचिवाने दरमहा
प्रत्येक सभासदास एक फोन करावा.
वर्गणीबद्दल नव्हे.
शेवटचे दोन शब्द गजबरनं घालायला लावले.

आता एक तारखेला मी नावांवरून बोट फिरवत बसतो.
"काय काम काढलंत?" नाशिकचा माणूस विचारतो.
काम काही नाही.
पलीकडे मग थोडा वेळ शांत,
चेंडू हवेत असतो तेवढा.
आणि तो बोलायला लागतो:
गुडघ्याचं, पोराच्या फीचं,
क्लबनं बंद केलेल्या नळाचं.
मी उजव्या बाजूला लिहीत जातो.

सतरा नंबरची वर्गणी
अजून यायची आहे.