पृष्ठभाग

नोशिर खरादी.
पोस्टरवरचं आडनाव वाचूनच पहिलं तिकीट काढलं मी.
म्हटलं, लेथवाल्याचा पोरगा असणार कुणीतरी,
आपल्यातला.

तेव्हा मी उद्यमनगरात, म्हैशाळेंच्या वर्कशॉपमध्ये
सरफेस ग्राइंडरवर होतो.
सोमवारी सुट्टी, सोमवारी मॅटिनी.
रत्नप्रभा टॉकीज, पडद्यापासून चौथी रांग,
शेजारी इलाही बागवान
आणि दोघांत एक भडंगाची पुडी.

पुडीच्या कागदावरच वाचलं,
तेलाच्या डागातून, प्राध्यापक हेर्लेकरांचं परीक्षण:
दृश्यं देखणी, पण सगळं पृष्ठभागावर.
पात्रांना आतडं नाही. कथेला तर्क नाही.
खलनायक मरतानासुद्धा कोटाची इस्त्री मोडत नाही.

इलाही म्हणाला, "मग? कोट काय फुकटचा हाय व्हय?"

मी हसलो नाही.
तो एक शब्द कुसळासारखा रुतला होता.
पृष्ठभाग.

भट्टीतनं बीड येतं ते काळं, खरखरीत,
वाळूचे कण अंगात घेऊन.
आतडं त्याला असतंच, ओतीव, वजनदार.
मग दगड फिरतो, पाणी पडत राहतं,
केसाचा विसावा हिस्सा निघतो,
पुन्हा तेवढाच.
संध्याकाळी त्यावरनं नख फिरवून बघायचं.
नख कुठं अडलं नाही
की समजायचं, इथं एक माणूस दिवसभर उभा होता.

खरादीचा पाठलाग असाच, नख न अडता जातो.
ओल्या गल्लीत निळी गाडी वळते,
आरशात आधी दिवा, मग डोळे,
मग नुसता अंधार, आणि अंधारात गिअर पडल्याचा आवाज.
कॅमेरा ठेवलाय कुठं, हे शोधता शोधता
भडंग मुठीतच मऊ पडतं.

तर्क नाही, कबूल.
तिसऱ्या मजल्यावरनं उडी मारूनही
नायकाचा चष्मा नाकावरच, कबूल.
पिस्तुलात गोळ्या सहा, झाडल्या अकरा.
इलाहीनं मोजल्या.
टाळ्या वाजवत मोजल्या.

आतड्याचं म्हणाल, तर
एका पिक्चरात तिजोऱ्या फोडणारा म्हातारा आहे.
कामाआधी काळे हातमोजे चढवतो.
उजव्यातलं एक बोट पोकळ राहतं.
तो ते रिकामं बोट सावकाश दुमडतो,
तळहाताकडं खोचतो.
चार सेकंद. संगीतसुद्धा नाही.
मग गोळीबार.

माझ्या बापाची दोन बोटं
पॉवर प्रेसनं नेली, त्र्याऐंशी साली.
लग्नकार्यात तो हात खिशात असायचा,
अक्षता डाव्या हातानं पडायच्या.
घरात यावर कधी कुणी बोललं नाही,
आईसुद्धा नाही.
रत्नप्रभाच्या अंधारात
चार सेकंद कुणीतरी बोललं.

परीक्षणात ती चार सेकंदं नव्हती.
तेवढ्यात सर वहीत वाकून
तर्काविषयी लिहीत असतील.

रत्नप्रभात आता फरशांचं गोडाऊन आहे.
खरादीचा शेवटचा पिक्चर तीन दिवस चालला,
मी त्यातले दोन दिवस गेलो.

आणि परवा, म्हणजे दिवाळीच्या आधी,
हेर्लेकर सर स्वतः आले, रिक्षातनं,
पोत्यात जुन्या स्कूटरचं हेड गुंडाळून.
"धूर सोडते, दम धरत नाही.
आतून काही गेलंय का हो?"

मी सरळपट्टी ठेवली, खालून बॅटरी मारली.
फटीतनं उजेड आला.
"आतून ठणठणीत आहे, सर.
पृष्ठभाग गेलाय."

तासाभरानं हेड हातात दिलं.
"नख फिरवून बघा."
सरांनी फिरवलं. परत फिरवलं.
चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ फिरवत राहिले.

खरादीचं नाव मी काढलं नाही.
पैसे मात्र पुरते घेतले.